लोबानदानी किरकोळ भांड्यांत धरू नये

लिहून ठेवणार मी, हाजराबी, मरहूम इसाक नाखवा यांची बायको, वय सासष्ट धरा, धंदा घरकाम आणि नारळाची वाडी, राहणार तारापूर, खाडीकडली आळी, तालुका पालघर, जिल्हा ठाणे. हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, माझ्या अक्षरात लिवते हाय. डोकं ठिकाणावर हाय. दम लागतो तो छातीत लागतो, डोक्यात नाय. मागे उभं राहून कोणी सांगत नाय, पुढे बसून कोणी रडत नाय. रागात लिवते हे खरं. रागात माणूस शुद्धीवर नसतो असं कोणी वकील बोलला तर त्याला सांगा, ही बाई नवरा गेल्यापासून रागात हाय आणि त्याच रागात तिने वाडी राखली, दोन पोरं वाढवली.

पालघरला कोर्टाच्या बाहेर कृष्णकांत म्हणून अर्ज लिवणारा बसतो. माणूस चांगला, अक्षर मोत्यासारखं. आधी त्याच्याकडून लिवून घेतलं होतं. त्याने वाचून दाखवलं, घर झालं, वाडी झाली, मग वाचलं, "एक पितळी धूपपात्र व इतर किरकोळ भांडी."

मी बोलले, "थांब. किरकोळ काय?"

"आजी, भांड्यांची यादी अशीच लिहितात. कोर्टाची पद्धत आहे."

"तुझ्या आईची तसबीर कुठे लिवशील? इतर किरकोळ लाकूडसामान?"

तो हसला. मी हसले नाय. कागद घेतला आणि घरी आले. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले हाय, तेवढं पुरे. सगळं मृत्युपत्र त्या एका वस्तूसाठी हाय. ती लोबानदानी माझ्या मागे कोण उचलणार, एवढंच मला सांगायचं हाय. बाकीचं कागद भरायला.

कलम पहिलं. घर आणि वाडी. चारी बाजू लिवाव्या लागतात म्हणून लिवते. पुढे रस्ता, मागे खाडी, डाव्या हाताला जमातीची विहीर, उजव्या हाताला कादरभाय मुजावराची भिंत, जी आमच्या जागेत हातभर आत आलेली हाय आणि ते त्याला ठाऊक हाय.

आमच्या शरियतीत मरणाऱ्याला सगळं मर्जीने वाटता येत नाय. तिनातले दोन हिस्से वारसांचे, ते ठरलेले. तिसऱ्या हिश्शापुरतं माझं तोंड चालतं, आणि तोही वारसाला द्यायचा नाय. मला मान्य हाय. वारस दोन. मुलगा शरफुद्दीन आणि मुलगी मैमूना, जी केळव्याजवळच्या माहीमला दिलेली हाय. किताबात लिवलंय तसं, भावाला दोन वाटे, बहिणीला एक.

गेल्या बकरीदला शरफूने मैमूनापुढे कागद ठेवला. हक्क सोडते म्हणून सही कर. ती बोलली, "का रे भाई?" तो बोलला, "बहिणी सोडतात. रिवाज हाय." रिवाज. हा माणूस सौदीवरून आल्यापासून रिवाज हा शब्द कानावर पडला की तोंडात खडा आल्यासारखं करतो. बहिणीच्या वाट्याजवळ पोचला आणि त्याला रिवाज आठवला. तो कागद मी तिच्या हातातून घेतला आणि चुलीत घातला. भात चांगला शिजला. मैमूनाचा वाटा मैमूनाला मिळायचा, आणि तो देताना शरफूने तोंड वाकडं करायचं नाय.

कलम दुसरं. माझा तिसरा हिस्सा. मागली पडवी, तिच्यातली चूल, खाडीकडे उघडणारं दार, आणि दाराजवळचे दोन नारळ. हे सगळं माझी नात रुबीना, शरफुद्दीनची मुलगी, हिला. तिचा बाप जिवंत हाय म्हणून ती माझी वारस नाय, आणि वारस नाय म्हणूनच तिला देता येतं. हे कृष्णकांतने वकिलाला विचारून पक्कं केलेलं हाय. पडवीची किंमत तिसऱ्या हिश्शापेक्षा कमीच भरेल. भरू दे.

चूल फोडायची नाय. हे वेगळं लिवते कारण फोडायला लोक टपलेले हायत. गॅस आला तेवा सुनेने पुढल्या घरातली चूल फोडली. चांगलं केलं, तिचे डोळे वाचले, मी काय बोलले नाय. पण गॅसवर निखारा होत नाय. आळीत घरोघर सिलिंडर आला आणि घरोघर लोबान बंद झाला. कोणी मौलवीने येऊन बंद नाय केला. आधी निखारा गेला. मग लोक अगरबत्ती लावायला लागले. अगरबत्ती काडेपेटीने पेटते, तिला घर लागत नाय.

लोबानला करवंटीचा निखारा लागतो, आणि तोही कुठल्याही चुलीचा चालत नाय. माझ्या सासूने मला या घरात पहिल्या जुमेरातीला, म्हंजे गुरुवारी, सांगितलं, उपाशी चुलीचा निखारा न्यायचा नाय. त्या दिवशी ज्या चुलीवर काय तरी शिजलंय आणि घरातल्याने ते खाल्लंय, त्याच चुलीचा घ्यायचा. नायतर तो नुसता धूर. असे दिवस मी काढलेत की घरात शिजवायला काय नव्हतं, तेवा जुमेरातीला मूठभर कण्यांची पेज केली, पोरांना पाजली, आणि मग चिमटा हातात घेतला. चूल उपाशी नाय ठेवली. मी राहिले.

कलम तिसरं. लोबानदानी. पितळेची, तीन पायांची, सासूच्या सासूची. एक पाय तुटलेला, तो इसाकने होडीच्या तांब्याच्या खिळ्याने बसवलेला. पितळेत तांबं दिसतं, घासून काढायचं नाय.

तो खिळा तीच होडी बांधताना उरलेला, जी परत आली नाय. होडीत इसाक होता आणि नवापूरचा जिवल्या होता, मांगेला मच्छीमार, आमच्या ठमीचा नवरा. दोघं एका जाळ्यावर काम करायचे. वादळानंतर वल्हं मिळालं, माणसं नाय मिळाली. इसाकला कबर नाय. जिवल्याची चिता नाय. तेवापासून दर जुमेरातीला मगरिबच्या, सांजेच्या नमाजाच्या, आधी मी मागल्या दारात, खाडीकडे तोंड करून, लोबान ठेवते, वाटीभर पाणी ठेवते आणि फातिहा वाचते. जुमेरातीला गेलेली माणसं आपल्या दारात येतात, बघतात आपली आठवण कोणाला हाय का, असं आमच्यात मानतात. ज्याला कबर हाय तो कबरीतून येत असेल. ज्याला नाय त्याला वाट कशी सापडणार? धूर लागतो.

ठमी नवापूरवरून येते. तिचा पाट माझ्या उंबऱ्याला लागून ठेवलेला असतो. ती नारळ ठेवते, मी फातिहा वाचते. एवढ्या वर्षांत दोघांपैकी एकही तक्रार करायला आला नाय.

शरफू पाच वर्षांचा होता. तो माझ्या मांडीला लागून बसायचा आणि निखारा फुंकायचा. मी फुंकू द्यायची नाय, राख उडते. तो ऐकायचा नाय. गाल फुगवून फुंकायचा आणि विचारायचा, "आला काय बाबा?" ठमी सांगायची, "येतो रे. भरती लागू दे." आता हा माणूस मला सांगतो, मेलेले येत नायत, अम्मी. सौदीला गेला तेवा मला आई बोलायचा. विमानातून उतरला तो अम्मी बोलत.

येत नसतील. मी कुठे बोलले मी इसाकला बघितला. मी दारात बसते. बसायचं पण नाय काय?

कलम चौथं. दर्गा. घरातली फातिहा झाली की लोबानदानी उचलून खाडीवरल्या पीरबाबांच्या दर्ग्यात न्यायची, हा आमच्या घराचा मान. वाटेत लोक उभे असायचे. नवापूरची नवी होडी पाण्यात जायची असेल तर तिच्या नाळेला, पुढल्या टोकाला, धूर द्यायचा. चाळीस दिवसांची बाळंतीण, तापातलं पोर, त्यांना द्यायचा. बोईसरला कारखाने आले तेवा तिकडले कामगार पण यायला लागले. एक यूपीवाला दर जुमेरातीला पोराला खांद्यावर घेऊन यायचा. "अम्मा, मुन्ना रात को चौंकता है, ज़रा धुआँ दे दो." मी द्यायची. मुन्ना झोपला की नाय मला ठाऊक नाय. बाप झोपत असेल.

मी धुराकडे कधी काय मागितलं नाय. मागायचं ते मी वर मागते, तोंडाने मागते. धूर म्हंजे कोणी तरी आलंय एवढं सांगायला. हे शरफूला समजावता समजावता माझी दाढ पडली.

दर्ग्याच्या दारात मी थांबायची. बाई उंबरा ओलांडत नाय. कादरभाय मुजावर आतून हात पुढे करायचा, मी लोबानदानी त्याच्या हातात द्यायची, तो आतल्या कोनाड्यात ठेवायचा. निखारा माझा, करवंटी माझी, वाट माझी, शेवटची चार पावलं त्याची. नवस फेडणारे चादर, कोंबडं, नारळ काय ते त्याच्या हातात द्यायचे, कारण लोबान त्याच्या हातात दिसायचा. मी पायरीवरून घरी यायची. मला त्यात तेवा काय वाटत नव्हतं. आता वाटतं.

शरफू सौदीवरून कायमचा परत आला. त्याने काय चांगलं केलं नाय असं मी लिवणार नाय, मरताना खोटं कशाला. मुंबईवरून एक तावीजवाला यायचा, बायकांच्या बांगड्या उतरवून घ्यायचा, त्याला शरफूने एसटीत बसवून दिला आणि बोलला परत दिसलास तर पाय मोडेन. तेवा मी त्याला खोबऱ्याची वडी करून घातली. लग्नातला बँड आणि मुलीकडून घ्यायचं सामान पण त्याने बंद पाडलं. बरोबर केलं. मला वाटलं माझा पोरगा शहाणा होऊन आला. मग तो माझ्या चुलीपर्यंत पोचला.

जमातीची बैठक मशिदीच्या ओट्यावर झाली. बायकांना बैठकीत जागा नाय, म्हणून मी विहिरीवर घागर भरत उभी राहिले. घागर भरून वाहत होती, मी भरतच होते.

शरफू बोलला, "बाबांना आमचा सलाम हाय. पण हा धूर, ही मिरवणूक, आपल्या दीनमध्ये, धर्मात नाय. बाहेरून आलेलं हाय. बंद करायचं."

कोणी तरी विचारलं, "आणि नवापूरवाले होडीसाठी येतात त्यांचं काय?"

शरफू बोलला, "त्यांना त्यांचे देव हायत."

मी घागर खाली ठेवली. ज्या होडीत माझा नवरा बुडाला त्याच होडीत ठमीचा बुडाला. ठमीने या पोराला कडेवर घेतलाय, त्याच्या नाकातलं स्वतःच्या पदराने पुसलंय. तिच्याबद्दल तो बोलतो, त्यांना त्यांचे देव हायत. बाकी सगळं एक वेळ मी गिळलं असतं. हे नाय गिळलं, अजून घशात हाय.

मी विहिरीवरून बोलले, "बाहेरून तर दर्ग्याला फरशी पण येणार हाय ना रे? तुझ्या सौदीच्या दोस्तांची? ती पण नको मग."

कादरभाय बोलला, "भाभी, बायकांनी मधे बोलू नये."

"मी विहिरीवर बोलते. मधे तुमी हायत."

लोक हसले. मग हात वर झाले. सगळ्यात आधी कादरभायचा, जो माझ्या लोबानवर जेवला. त्याच्या खोलीला पण फरशी मिळणार होती. मिळाली. गुळगुळीत हाय, पावसात त्याची बायको दोनदा घसरली. तिच्यावर माझा राग नाय.

तेवापासून जुमेरातीला संध्याकाळी दर्ग्याला कुलूप. आतल्या कोनाड्यात कितीतरी पिढ्यांची काजळी होती, त्याच्यावर शरफूने पांढरा ऑइलपेंट मारला. पावसाळ्यात काळं वर आलं. परत मारला. परत आलं. मी हे दारातूनच बघितलं, आत मला कोण घेतं.

मी जाणं थांबवलं नाय. लोबानदानी नेते, बंद दाराबाहेर पायरीवर ठेवते, विझेपर्यंत बसते. ठमी असते. यूपीवाला असतो, त्याचा मुन्ना आता चालत येतो. शरफू दुसऱ्या रस्त्याने घरी जातो. "लोक हसतात, अम्मी," बोलतो. हसू देत. मी असेपर्यंत चालेल. पुढचं ठरवायला हा कागद हाय.

कलम पाचवं. विजेचं यंत्र. हे माझ्या मालकीचं नाय, तरी लिवते. शरफूने जेद्दावरून येताना ऊद, वासाचं लाकूड, आणला, एवढीशी डबी, आणि त्याचा धूर करायला विजेचं एक यंत्र आणलं, सोनेरी, वर नक्षी. जुम्म्याला कपडे त्याच्यावर धरतो, पाहुणे आले की खोलीत फिरवतो.

मी विचारलं, "हा कोणता धूर?"

"हा खुशबूसाठी, अम्मी. सुन्नत हाय, पैगंबरांची रीत. तुमचा मागण्यासाठी."

"मी मागत नाय."

"लोक मागतात."

"लोक तुझ्या अत्तरवाल्या खोलीत बसून व्हिसा मागतात ते चालतं?"

तो उठून गेला. गेल्या ईदच्या सकाळी वीज गेली. तारापूरला वीज बनते ती कुठे जाते देवाला ठाऊक, आमच्या आळीत नव्हती. मुंबईवरून त्याचे दोस्त यायचे होते. यंत्र थंड पडलेलं. मी मागल्या पडवीत शेवयांचं दूध आटवत होते. शरफू पांढरा झब्बा घालून आला आणि दारात उभा राहिला.

"आई," बोलला, "जरा एक निखारा दे ना."

आई बोलला. मी वळून बघितलं नाय, नायतर त्याला कळलं असतं मी ऐकलंय. चिमट्याने एक चांगला लाल निखारा वाटीत दिला. त्याने वाटी धरली आणि फुंकर घातली, झब्ब्यावर राख उडाली. लहानपणापासून सांगते, राख उडते.

वाटी घेऊन तो पुढल्या घरात गेला. पुढल्या जुमेरातीला दर्ग्याला कुलूप होतंच.

पहिल्या कलमात राहिलं ते इथे लिवते. कादरभायला माझ्याकडून काय नाय. हातभर जागा त्याने घेतलेलीच हाय, ती पण परत द्यावी.

कलम सहावं. रुबीना. ही बोईसरला कॉलेजात जाते, बारावीला, सायन्स. डोक्याला तो नवीन पद्धतीचा रुमाल बांधते, टाचण्या लावून. बापाने नाय सांगितला, स्वतःच्या मर्जीने. मला तो आवडत नाय, आमी आयुष्यभर पदर घेतला आणि कामं केली. तिला माझी मशेरी आवडत नाय. आमचं बरं चालतं.

मी तिला पडवीत बसवलं आणि विचारलं, माझ्या मागे तू उचलशील का? मला वाटलं पोरगी रडेल, हात धरेल. ती शिंकली.

बोलली, "दादी, आजोबा दारात येतात की नाय ते मला ठाऊक नाय. अब्बा बोलतात ते पण मला पटलेलं नाय. या धुराने मला शिंका येतात. तरी मी पेटवीन. पण एक अट हाय."

"माझ्या घरात मलाच अट?"

"मी दारात उभी राहून कोणाच्या हातात देणार नाय. नेईन तर आत नेईन. नायतर तुमची लोबानदानी मैमूनाफुफीच्या शोकेसमध्ये ठेवा, शोभेल."

"आत बाया जात नायत."

"का?"

"का म्हंजे? रिवाज हाय."

तोंडातून गेलं आणि कळलं हा शब्द कोणाचा हाय. हाच शरफूने मैमूनापुढे कागदाबरोबर ठेवला होता. पोरगी माझ्याकडे बघत होती. हसली नाय, तेवढी अक्कल तिला हाय. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाय. राग तिचा नव्हता. ज्या दारात मी जन्म घालवला, त्या दाराला कुलूप लागल्यावर मला राग आला. मी बाहेर होते तेवा का नाय आला, याचा राग होता.

ठमीला सांगितलं. ठमी बोलली, "पोरगी बरोबर बोलते गो बाय. माझ्या होडीवर मी चढते, तेवा दर्याने कधी विचारलं नाय." मग पाट सरकवून बोलली, "आपल्याला नाय सुचलं."

सबब असं लिहून ठेवते. लोबानदानी रुबीनाची. ती न्यायची ती उंबऱ्यावर कोणाच्या हातात द्यायची नाय, मुजावर असो की मुजावराचा बाप. जी बाई निखारा पेटवते तिनेच तो कोनाड्यात ठेवायचा. कुलूप असेल तर पायरीवर ठेवायची आणि कुलूप कोणाकडे हाय ते मोठ्याने विचारायचं, दर जुमेरातीला, विहिरीवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. रुबीनाने शिकायला मुंबईला जावं, पुण्याला जावं, मी चुलीला बांधून ठेवत नाय. ती नसेल तेवा लोबानदानी ठमीकडे नवापूरला, ठमी नसेल तर तिच्या घरात जी चूल पेटवते तिच्याकडे. तिथून मागून घ्यायची, मालकी दाखवायची नाय.

ठमीचा पाट ठमीला. तिने तो घरी नेऊ नये. माझ्या उंबऱ्यालाच राहू द्यावा आणि येऊन बसावं. हे कायद्यात बसतं का कृष्णकांतला विचारलं. तो बोलला, "बसतं, आजी." बसत नसेल तरी बसवायचं.

कलम सातवं आणि शेवटचं. माझी मय्यत. रडारड करायची नाय. माहीमवरून मैमूना आल्याशिवाय उचलायचं नाय. कफन माझ्या पेटीत हाय, साधं, त्याच्यावर सौदीची चादर घालू नये.

कफनाला धुनी देतात. ती किताबात हाय, शरफू पण मानतो, मी त्याला आधीच विचारून घेतलंय. बोलला, "ती चालते, अम्मी. अगरबत्तीने पण होईल." अगरबत्तीने नाय होणार. माझ्या लोबानदानीने, माझ्या चुलीच्या निखाऱ्याने होईल.

आता इथे अडचण हाय आणि ती तुमच्या लक्षात येणार नाय म्हणून लिवते. मयताच्या घरात चूल पेटवत नायत. शेजारी जेवण आणून देतात. आणि उपाशी चुलीचा निखारा चालत नाय. म्हंजे ज्या दिवशी मला लागणार त्याच दिवशी निखारा नसणार. माझ्या सासूला पण तो असाच मिळाला नव्हता, शेजारून आणलेला, दुसऱ्याच्या घरचा. मला दुसऱ्याच्या घरचा नको.

म्हणून सांगते. मी मेले की मागल्या पडवीतली चूल पेटवायची. करवंट्या पोत्यात हायत, सुक्या. कण्यांची पेज ठेवायची, मीठ घालून. लोक बोलतील, मय्यत पडलीय आणि या घरात चूल पेटली. बोलू देत. शरफूला रिवाज मोडायची हौस हाय, हा मोडून दाखवावा. पेज शिजली की ती शरफूने खायची, माझ्यासमोर बसून, मी तिथेच पडलेली असेन. पूर्ण वाटी. त्याला कण्या आवडत नायत, मला ठाऊक हाय. लहानपणी पण नाय आवडायच्या, तरी खायचा, कारण त्याला निखारा फुंकायचा असायचा.

खाऊन झालं की चिमटा त्यानेच घ्यायचा. निखारा काढायचा, लोबानदानीत ठेवायचा आणि फुंकायचा. राख उडेल. उडू दे. मग रुबीनाने ती घ्यायची, आधी माझ्या कफनाला द्यायची, मग न विझवता मागल्या दाराने निघायचं आणि दर्ग्याकडे. वार कोणता ते बघायचं नाय. मला कब्रस्तानात पुरुष नेतील, बाया दारापर्यंत येतील, ते तसंच होणार, आत्ता मरताना मी त्याच्याशी भांडत नाय. मी त्या रस्त्याने जाईन. लोबानदानी या रस्त्याने जाईल, आणि ती दारात थांबणार नाय.

येणेप्रमाणे लिवलेलं मी वाचलं, पुन्हा वाचलं, बरोबर हाय. याआधी कृष्णकांतने लिवलेला कागद रद्द. तो चुलीतच हाय.

ठिकाण तारापूर. जुमेरात, तारीख १२ डिसेंबर १९९१. संध्याकाळ व्हायची हाय, ठमी येऊन बसलीय, कृष्णकांत पालघरवरून आलाय.

लिहून ठेवणार:
हाजराबी इसाक नाखवा (सही)

साक्षीदार:
१. ठमी जिवल्या, राहणार नवापूर. डाव्या हाताचा अंगठा. वाचून दाखवलं, कबूल. फक्त कण्यांमध्ये थोडा ओला नारळ घाला असं तिचं म्हणणं हाय. घाला.
२. कृष्णकांत, अर्ज लिहिणार, पालघर. (सही) मजकूर जसाच्या तसा ठेवला आहे.
३. ही जागा शरफुद्दीन इसाक नाखवा याच्यासाठी सोडली हाय. कायद्याला ही सही लागत नाय. पेज खाऊन झाली, निखारा फुंकून झाला, की हात धुवायच्या आधी इथे कर. काळा डाग पडला तरी चालेल.

सही: